आकड्यांच्या नादी लागलेले सर

मैत्रिणींनो, आज वाचायच्या आधी एक काम करायचं. हाताशी असेल तो कागद घ्या, वाणसामानाच्या यादीची मागची बाजूसुद्धा चालेल. त्यावर ११ ला ११ ने गुणा. उत्तर येईल १२१. आता १११ ला १११ ने गुणा. १२३२१. मग ११११ ला ११११ ने. १२३४३२१. येतंय ना लक्षात? एक एक एक वाढवत जायचं आणि उत्तर आपोआप जिना चढून पुन्हा उतरतं. असे नऊ एक मांडून त्यांना तेवढ्याच नऊ एकांनी गुणलं की हा आकडा समोर येतो:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी! मला पहिल्यांदा हा आकडा कुणीतरी सांगितला तेव्हा मी चक्क हसले. म्हटलं, काहीतरी हातचलाखी असणार. आमच्या घरच्या कॅल्क्युलेटरच्या खिडकीत तो मावेना. शेवटी स्वयंपाक उरकल्यावर जुन्या वहीच्या पानावर शाळेसारखा गुणाकार मांडला. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवलेली. मांडून झाल्यावर बेरीज करायची गरजच उरली नाही. उजवीकडच्या पहिल्या रांगेत एकच एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, मधल्या रांगेत नऊ, आणि मग पुन्हा आठ, सात, सहा असं उतरत डावीकडे एकावर. कुठेच हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून हा जिना इतका नीट बसतो. दहा एक घेऊन बघा, मधल्या रांगेत दहा होतात, हातचा येतो आणि जिन्याची पायरी मोडते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं, त्यात चढताना आठच गायब!

आता हा सतरा अंकी आकडा वाचायचा कसा? भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानं सांगितली आहेत. आपला हा आकडा त्यातल्या सतराव्या स्थानापर्यंत, म्हणजे ‘मध्य’पर्यंत जातो. परार्धाला एकच पायरी कमी. रुपयांत म्हणायचं तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, आणि वर शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. कोटीचे कोटी. म्हणता म्हणता दम लागतो.

तर या असल्या आकड्यांना डोंबिवलीचं नाव आहे, हे ठाऊक होतं तुम्हाला? खरंच आहे. जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, तेच आजचं डोंबिवली. तिथे एका माणसाच्या डोक्यात या आकड्यांचा विचार आला आणि त्याने त्यांना नाव देऊन टाकलं, डेम्लो संख्या. गाडीची वाट बघताना आपण भाजीचा, दुधाचा, फीचा हिशोब करतो. हा माणूस दुसराच हिशोब करत होता.

त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे मास्तर.

जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५ चा. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा भारी नाद. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. भागाकार, बाकी, अंश, घटका, पळं. मुलाच्या कानावर लहानपणापासून हेच पडत होतं. ग्रहांनी त्याचं काय केलं ते सोडा, पण आकड्यांची गोडी मात्र वडिलांकडूनच लागली. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्या वयाच्या पोराला आई नसण्याचा अर्थ काय, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. शाळा ठाण्यात झाली. शाळेत असतानाच कोडी सोडवायची, आकडे घेऊन तासन्‌तास बसायचं, ही सवय जडली. ती पुढे ऐंशी वर्षांच्या आयुष्यात सुटली नाही.

१९२३ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ साली गणितातल्या स्वतंत्र लेखनासाठी रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक त्यांना मिळालं. १९२९ मध्ये पदवी, आणि १९३० पासून देवळालीत मास्तरकी. बस्स. पुढची पदवी घेतली नाही, विद्यापीठात गेले नाहीत. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षं, त्याच गावात मुलांना शिकवत राहिले.

इथे एक गंमत सांगते. देवळालीत इंग्रजांच्या फौजेची मोठी छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई तिथे दिवसच्या दिवस पडून असायचे आणि कंटाळून कंटाळून त्यांची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत ‘डुलाली’ असा शब्दच तयार झाला, डोक्यावर परिणाम झालेला या अर्थाचा! ज्या गावाचं नाव इंग्रजांनी वेडाला दिलं, त्याच गावात हे आकड्यांचं वेड शांतपणे वाढत होतं. ते स्वतःच आपली तुलना दारूच्या तारेत राहू पाहणाऱ्या माणसाशी करायचे. त्याला जशी ती धुंदी उतरू नये असं वाटतं, तसं आकड्यांच्या बाबतीत आपलं होतं, असं ते सांगत.

आता त्यांचे उद्योग बघूया. मी गणितात काही फार हुशार नव्हते, तेव्हा घाबरू नका. बेरीज-वजाबाकीच्या पुढे यात काही लागत नाही.

कुठलाही आकडा घ्या आणि त्याच्यातल्या अंकांची बेरीज त्याच्यातच मिळवा. २१ घेतला तर २ आणि १ मिळून ३, म्हणून २१ पासून २४ जन्मला. २४ पासून ३०, ३० पासून ३३, ३३ पासून ३९, ३९ पासून ५१. अशी वंशावळच चालू होते. म्हणजे २४ ची आई २१, ३० ची आई २४. आई म्हणणं माझं, बरं का. कापरेकरांचा प्रश्न असा होता की, ज्याला आईच नाही असा आकडा असतो का? असतो. २० बघा. कुठल्याही आकड्यात त्याचे अंक मिळवून २० येत नाहीत. ३१ तसाच, ४२ तसाच, ५३ पण तसाच. हे आकडे कुणापासून झाले नाहीत, आपले आपणच आहेत. आपल्या देवळांच्या भाषेत सांगायचं तर स्वयंभू. इंग्रजीत त्यांना सेल्फ नंबर म्हणतात, आणि देवळाली संख्या असंही त्यांचं एक नाव आहे.

हे वाचल्यावर मी काय केलं असेल? जपमाळेचे मणी! १०८ करून बघितले. ९५ पासून १०९ येतात, ९४ पासून १०७. आजूबाजूचे सगळे तपासले, १०८ काही कुणापासून येत नाहीत. १०८ स्वयंभू आहेत. देवघरातली माळ हातात घेऊन मी दोन मिनिटं नुसतीच बसले. आणि उलट काही आकड्यांना दोन-दोन आया असतात. १०१ चंच बघा. ९१ मध्ये ९ आणि १ मिळवले तरी १०१, आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१. एक देवकी, एक यशोदा.

आठव्या वर्षी आई गेलेल्या माणसाला आकड्यांचं हे जन्मदातेपण शोधावंसं का वाटलं असेल, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. पण तो माझा बायकी विचार. त्यांनी तसं काही म्हटलेलं माझ्या वाचनात नाही, तेव्हा सोडून देते.

दुसरा उद्योग हर्षद संख्यांचा. हर्ष देणारी ती हर्षद. नाव त्यांनीच ठेवलेलं. ज्या आकड्याला त्याच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तो आकडा हर्षद. १०८ ची बेरीज ९, आणि नऊ बारे अठ्ठोत्तरशे. म्हणजे १०८ स्वयंभूही आणि हर्षदही. रामानुजन यांच्या आजारपणाच्या गोष्टीतला १७२९ सगळ्यांना माहीत असतो. त्याची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. तोही हर्षद. कापरेकरांचं स्वतःचं जन्मसाल १९०५ घ्या. अंकांची बेरीज १५, आणि १५ गुणिले १२७ बरोबर १९०५. हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला तरी वाटत नाही. आणि तो वरचा सतरा अंकी जिना? १ ते ८ चढताना ३६, वर ९, उतरताना पुन्हा ३६. एकूण ८१. आणि त्या अवाढव्य आकड्याला ८१ ने भाग जातो, बाकी शून्य. तोही हर्षद निघाला.

तिसरा प्रकार तर त्यांच्याच नावाने ओळखला जातो, कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज केली की पुन्हा ४५! ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ पंचावन्न. २०२५ हे साल असं होतं. सालांच्या हिशोबात असा योग पुन्हा ३०२५ मध्ये, तेव्हा तुम्हीआम्ही नसू. याच जातीचा एक मोठा आकडा आहे, १४२८५७. त्याचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज १४२८५७. तोडला तरी पुन्हा जोडला की मूळचा तोच. तुटलेल्या बांगडीचं असं झालं असतं तर काय हवं होतं!

हे सगळं त्यांनी कागद-पेन्सिलीने केलं. शाळा सांभाळून. लिहिलेलं छापायला कोण बसलं होतं? म्हणून छोट्या छोट्या पुस्तिका स्वतःच्या पैशाने छापल्या. गणिताच्या परिषदा भरत, तिथेही स्वखर्चाने जात. शाळामास्तरच्या पगारात हे कसं बसवलं असेल, हा प्रश्न माझ्यासारखीला आधी पडतो. घरच्या बाईने काय काय मागे ठेवलं असेल, काय काय पुढच्या महिन्यावर ढकललं असेल, ते कुठल्याच पुस्तिकेत छापलेलं नसणार.

आणि परिषदेत काय मान मिळायचा? मोठमोठे प्राध्यापक असत तिथे. त्यांना हा पोरखेळ वाटे. त्यांच्या बाजूनेही थोडं सांगायला हवं, नाहीतर एकतर्फी होईल. त्यांचं म्हणणं असं की, हे गुण आकड्यांचे नाहीत, आकडे लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. आपण दहा बोटांवरून दहाच्या पटीत लिहितो म्हणून ४५ चे असे तुकडे जुळतात. उद्या आठाच्या पटीत लिहायला लागलो तर हा सगळा खेळ बदलेल. मुद्दा खोटा नाही. पण मला वाटतं, रांगोळीचे ठिपके तरी कुठे देवाने मोजून दिलेत? आपणच मांडतो, आणि मग त्यातून कमळ निघालं की आपल्यालाच नवल वाटतं. कापरेकरांना ते नवल वाटत राहिलं, एवढंच. शाळा-कॉलेजं मात्र त्यांना आवर्जून बोलवायची. पोरांसमोर फळ्यावर आकडे मांडून ते गंमत दाखवत. गणितानंद असं नावच पडलं होतं त्यांना.

त्यांचा सगळ्यात नावाजलेला शोध ६१७४ चा. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला, पुढे १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या परदेशी नियतकालिकात तो छापून आला. करायचं इतकंच की, चार अंकी आकडा घ्यायचा, चारही अंक सारखे नकोत. त्याचे अंक मोठ्याकडून लहानाकडे लावायचे, मग लहानाकडून मोठ्याकडे लावायचे, आणि मोठ्यातून लहान वजा करायचा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. वजाबाकीत तीनच अंक आले तर पुढे शून्य धरायचं. फार तर सात वेळा हे केलं की ६१७४ येतो, आणि एकदा आला की तिथून हलत नाही. ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च. नदी कुठूनही निघो, समुद्र एकच. तीन अंकी आकडा घेतलात तर असाच ४९५ वर येऊन थांबाल. दोन अंकी मात्र थांबत नाही, गोल गोल फिरत राहतो. पाच अंकीलाही असं एक ठिकाण नाही.

असं का होतं हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग एकदा उलगडलं. चार अंक उतरत्या क्रमाने लावले की वजाबाकीचं उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरतं: पहिल्या-शेवटच्या अंकातला फरक, आणि मधल्या दोघांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करा, झालं उत्तर. असे वेगवेगळे फरक किती? सगळे मिळून ५४. म्हणजे पुढची शून्यं धरून ९९९० आकडे घेऊन निघालात तरी पहिल्याच वजाबाकीत फक्त ५४ घरं उरतात. जत्रेची गर्दी एका बोळात शिरावी तसं. मग त्या ५४ घरांतून वाट काढत काढत सगळे एकाच दाराशी येतात. मला हे समजलं त्या दिवशी मी घरात सगळ्यांना धरून धरून दाखवलं. कुणी कौतुक केलं नाही. नंतर वाटलं, कापरेकर सरांना असं कितीदा झालं असेल.

१९६२ मध्ये ते निवृत्त झाले. पेन्शन पुरेना. गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन घर चालवलं. १९६६ मध्ये पत्नी गेली. त्या बाईंबद्दल गणिताच्या पुस्तकांत मला एवढी एकच ओळ मिळाली, त्या गेल्या त्या सालाची. ज्या घरात भिंतीपलीकडे सदोदित आकडे चालू होते त्या घराची चूल, दिवाबत्ती, पाहुणे त्यांनी बघितले. नवऱ्याचं नाव जगात झालं ते बघायला त्या नव्हत्या.

कारण नाव झालं ते १९७५ मध्ये. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात गणिताच्या गमतींचं सदर लिहीत. जगभर वाचलं जाणारं. त्यांनी मार्चच्या अंकात कापरेकरांवर आणि त्यांच्या आकड्यांवर लिहिलं. आणि मग परदेशात गणितवाल्यांमध्ये देवळालीच्या मास्तरांचं नाव पोचलं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. आपल्याकडे ज्याला पोरखेळ म्हटलं, त्यावर पुढे परदेशात लेख लिहिले गेले. स्वयंभू आकड्यांचा प्रश्न १९७४ च्या सुमारास कोलंबिया देशातल्या एका गणितज्ञानेही मांडला होता, त्यामुळे काही जण त्यांना कोलंबियन संख्या म्हणतात. देवळालीत ते १९४९ मध्येच मांडून झालं होतं.

या उशिराचं त्यांना फार वाईट वाटलं असेल का? त्यांचं काम थांबलं नाही एवढं खरं. कौतुक नव्हतं तेव्हाही थांबलं नव्हतं. १९८६ मध्ये ते गेले, तोवर आकडे सुरूच होते.

आता तो कागद अजून हाताशी असेल तर शेवटचं एक करून बघा. मी परवा करून बघितलं. त्यांचं जन्मसाल १९०५ घेतलं. ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९, म्हणजे ८१७२. मग ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि मग ६१७४. पूर्ण सात पायऱ्या, जास्तीत जास्त जितक्या लागतात तितक्या. मग मृत्यूचं साल १९८६ घेतलं. ९८६१ वजा १६८९. उत्तर आलं ८१७२. जन्मसालाच्या वाटेवरचाच आकडा. तिथून पुढे दोन्ही सालांची वाट एकच, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४.